काकांनी पुसलेला जिना

ऑफिसात त्यांना सगळे काका म्हणत. आर्किटेक्टसाहेब म्हणत, एस्टिमेटरबाई म्हणत आणि काकांपेक्षा वयाने मोठे असलेले विटांचे व्यापारीसुद्धा म्हणत. काका ड्राफ्ट्समन. उभा जन्म नकाशे काढण्यात गेला. आधी शाईच्या पेनाने, मग कॉम्प्युटरवर. त्यांची रेघ पाहून पट्टीने मान खाली घालावी.

सगळं सुरळीत चाललेलं असताना साहेब एका सभेला जाऊन आले आणि म्हणाले, "काका, नकाशे काढायचे दिवस गेले. आता इमारत आख्खी कॉम्प्युटरात उभी करायची. भिंती, स्लॅब, दारं, नळ, सगळं. नकाशे त्यातून आपोआप बाहेर पडतात."

"मग मी काय करायचं?"

"तुम्ही इमारत उभी करायची."

साहेबांनी सॉफ्टवेअर घेतलं. घेतलं म्हणजे त्याचं एक लायसन्स घेतलं. सॉफ्टवेअर कंपनीने वापरून बघायला फुकट मुदत दिली होती, पण आधी कोणी शिकायचं यावर चर्चा होता होता ती संपून गेली. ऑफिसात कॉम्प्युटर तीन. सॉफ्टवेअर तिन्हीवर घातलेलं, पण एका वेळी एकावरच उघडायचं. दुसऱ्याला हवं असेल तर पहिल्याने बाहेर पडायचं. त्यामुळे मोठ्या कुटुंबात एकच बाथरूम असलं की सकाळी जे होतं, ते या ऑफिसात दिवसभर होऊ लागलं.

एस्टिमेटरबाईंना मॉडेलमधून सिमेंट-सळईचा अंदाज काढायचा असे. त्या पलीकडच्या खोलीतून ओरडत, "काका, सुटलं का?"

"आत आहे अजून!"

"सकाळपासून आतच आहात. काय करताय तरी काय?"

"भिंत उभी राहत नाहीये."

टाइल्सचे नमुने घेऊन आलेला विक्रेता एकदा हा संवाद ऐकून दारातूनच परत गेला.

क्लास लावावा असं काकांनी सुचवलं होतं. साहेब म्हणाले, "इंटरनेटवर सगळं फुकट असतं, काका. बघून शिका." काका घरी व्हिडिओ बघू लागले. शिकवणारा इतका भराभर बोले, की काकांनी त्याचा वेग निम्म्यावर आणला. मग तो प्यायल्यासारखा बोलू लागला. लायसन्स ऑफिसात, त्यामुळे सराव करायला घरी काही नाही. काका जेवणाच्या टेबलावर पुस्तकं उभी करून भिंती करत, वर ताट ठेवून स्लॅब टाकत आणि वाकून वाकून चारी बाजूंनी बघत.

"अहो, ताट द्या. जेवायचंय," काकू म्हणाल्या.

"थांब, स्लॅब पडेल."

"पोटात आग पडलीये त्याचं काय?"

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, पण साहेबांनी एक दिवस काकांना केबिनमध्ये बोलावलं. "डॉक्टरीणबाईंच्या दुमजली दवाखान्याचं मॉडेल तुम्हीच करा. शुक्रवारी त्यांना तुम्हीच दाखवा. जमलं तर उत्तम. नाहीतर साइटवर स्टोअर सांभाळायला विश्वासाचा माणूस हवाच आहे."

स्टोअर म्हणजे पत्र्याची शेड. सिमेंटच्या गोण्या मोजून घ्यायच्या आणि मोजून द्यायच्या. काकांना सिमेंटच्या नुसत्या नावाने शिंका यायच्या. पण खरं दुखणं वेगळं होतं. खिडकीजवळचं टेबल आणि रेघ ओढणं गेलं, तर आपण नेमके कोण, हे त्यांना सांगता आलं नसतं.

काका इरेला पेटले. भिंती उभ्या राहिल्या, स्लॅब पडला, जिना वर चढला. प्लॅन छापून त्यांनी समोरच्या भिंतीला चिकटवला. मग त्यांनी दर्शनी भागाचं चित्र उघडलं आणि त्यांचा जीव कासावीस झाला. पुढच्या मोठ्या काचेतून आतल्या जिन्याच्या पायऱ्या दिसत होत्या. रेघांचा नुसता गुंता! कागदावर असं झालं की काका काय करत? पुसत. प्रत्येक कागद वेगळा. दर्शनी भागातून पुसलं म्हणून प्लॅनमधून जात नाही. काकांनी जिना निवडला आणि पुसला. चित्र कसं धुतल्यासारखं स्वच्छ झालं. तेवढ्यात बाई ओरडल्या, "काका, सुटलं का?" काकांनी काम सेव्ह केलं आणि बाहेर पडले.

थोड्या वेळाने बाईच साहेबांकडे गेल्या. "काँक्रीट कमी भरतंय. सळईसुद्धा."

"वा!" साहेब म्हणाले. "अनुभवी माणसाची काटकसर म्हणतात ती ही."

काकांना कशाबद्दल शाबासकी मिळाली ते कळलं नाही. पण मिळालेली शाबासकी परत करायची त्यांची पद्धत नव्हती.

शुक्रवारी डॉक्टरीणबाई आल्या. काकांनी त्यांना पडद्यावर दारातून आत नेलं. रिसेप्शन झालं, तपासणीची खोली झाली. बाई खूश होत्या. मग त्यांनी वर पाहिलं. छताला चौकोनी भोक होतं.

"हे कशासाठी?"

साहेब चटकन म्हणाले, "उजेडासाठी. वरून छान उजेड येतो."

"अस्सं. आणि वर जायचं कसं?"

साहेबांनी काकांकडे पाहिलं. काकांनी भिंतीवरच्या छापील प्लॅनकडे पाहिलं. तिथे जिना होता. पडद्यावर नव्हता.

"जिना होता हो, बाई. मी पुसला."

"का?"

"काचेतून वाईट दिसत होता."

डॉक्टरीणबाई मोठ्याने हसल्या. "वाईट दिसतं म्हणून आम्ही पोटातलं काही काढून टाकत नाही हो!"

"राहू दे काका," साहेब कोरड्या आवाजात म्हणाले. "नंतर बघू."

नंतर म्हणजे पत्र्याची शेड, हे काकांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा साहेबांचं ऐकलं नाही. माउस घट्ट धरला आणि जिना काढायला घेतला. पहिला जिना भिंत फोडून बाहेर गेला.

"आता रस्त्यावरून थेट वर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

काकांनी तो काढून दुसरा घातला. पलीकडून हाक आली, "काका, सुटलं का?"

"थांबा जरा!" डॉक्टरीणबाईच ओरडल्या. "जिना अडकलाय!"

पायरी पायरी करत जिना बरोबर भोकातून वर गेला. काकांनी श्वास सोडला.

"थोडा रुंद होईल का?" बाईंनी विचारलं. "स्ट्रेचर वळायला हवं."

काकांनी रुंदीचा आकडा बदलला. पडद्यावर जिना पसरला. प्लॅन उघडला, तर तिथेही पसरलेला. दर्शनी भागातही. काका थक्क झाले. 'अरेच्चा! म्हणजे जिना एकच आहे!' हे साहेबांनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, पण काकांना ते आत्ता कळलं. मग वळणाचा चौथरा मोठा केला, कठडा बसवला. डॉक्टरीणबाई दोनदा वर जाऊन आल्या आणि जाताना म्हणाल्या, "पुढच्या वेळीही काकाच दाखवू देत."

त्या गेल्यावर साहेबांनी पडद्यावरच्या पायऱ्या बोटाने एकदा मोजून घेतल्या. मग म्हणाले, "स्टोअरला दुसरा माणूस बघतो."

पलीकडून एस्टिमेटरबाईंचा वैतागलेला आवाज आला. काँक्रीट पुन्हा वाढलं होतं.

सोमवारी साहेब स्वतःची खुर्ची ओढत काकांच्या टेबलाशी आले. दार लोटून घेतलं. "मलाही हे थोडं शिकायचंय, काका. बोभाटा नको." त्यांनी माउस हातात घेतला, भीत भीत इकडेतिकडे फिरवला. "बरं, ते पुसायचं बटण कुठलं म्हणालात?"

काकांनी कीबोर्डवर पंजा ठेवला.

"ते शेवटी शिकवीन."