पापणीवरची पिवळी खूण

वैशाखऱ्याच्या फाट्यावर आईनं मला मुरबाडच्या एसटीत बसवलं आणि मी मस्कतला गेले. धाकटा भाऊ विकास बॅग धरून उभा होता. मी सगळ्यांवर उगाच वैतागत होते, कारण वैतागलं की रडू येत नाही. एसटी दिसली तशी आईनं माझ्या डाव्या पापणीच्या कोपऱ्यावर बोट टेकवलं. तिथं चणाडाळीएवढा पिवळा डाग होता. "गो, परक्या मुलखात कोनी इचारलं कोनाची पोर, तर ही खूण दाखव. बापाची हाय ती."

हसू नका. आमच्या बौद्धवाडीत या डागाचा केवढा तोरा होता! आजोबांना होता, बाबांना होता, चुलत्याला होता. पापणीवर पिवळं उमटलं की आत्या म्हणणार, आमच्या घरचं अस्सल रक्त! बाबांच्या टाचेमागची शीरही चांगली बोटभर जाड होती. चालून चालून पाय कमावलाय म्हणायचे. आणि हे तिघेही पन्नाशी न बघता गेले. बाबा तर भात झोडता झोडता छातीला हात लावून खाली बसले, ते उठलेच नाहीत. पंचेचाळीसही पुरी नव्हती. मी तेव्हा दहावीत. पुण्यानुमोदनाला आलेली माणसं म्हणाली, कष्टानं खाल्लं बिचाऱ्याला. खूण आणि मरण दोन्ही डोळ्यांसमोर होती, पण त्यांचा एकमेकांशी काही संबंध असेल असं कुणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही, आणि मी तर पुढं लॅब टेक्निशियनचा कोर्स केला!

मस्कतच्या लॅबमध्ये एसी एवढा की बाहेर ऊन भाजून काढतंय आणि मी स्वेटरमध्ये. एकदा नवं मशीन आलं. ते तपासायला स्टाफनं आपापलं रक्त दिलं. माझा सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरतं ते पाणी, कसा नितळ होता! काहींचा दुधासारखा पांढरट येतो, म्हणजे ट्रायग्लिसराइड नावाची चरबी फार. मी मनात म्हटलं, बघा, गावच्या भाकरीवरची पोर. मग एलडीएलचा, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलचा, भलताच मोठा आकडा आला आणि मी मशीनलाच शिव्या घातल्या. पुन्हा लावलं. तेच. एलडीएल कितीही वाढलं तरी सीरम नितळच राहतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण स्वतःच्या बाबतीत कुणाला आठवतं?

वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी माझी पापणी पाहिली, सँडल काढायला लावली, टाचेमागची शीर चिमटीत धरली आणि विचारलं, वडील कितव्या वर्षी गेले? मी अजून घरचं काहीच सांगितलं नव्हतं. परक्या मुलखात खूण बघून कुणीतरी मला ओळखलं होतं. मी तिथंच ढसाढसा रडले.

गावाकडच्यांना सांगते, आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनाही. चरबी रक्तात मोकळी फिरत नाही, तेल पाण्यात मिसळत नाही तसंच. शरीर तिला प्रथिनाच्या वेष्टनात घालून पाठवतं, त्याला लिपोप्रोटीन म्हणतात. एलडीएल त्यातलंच. ते परत उचलून घेणं हे यकृताचं काम. आमच्या घरात उचलणारे हमाल जन्मापासूनच कमी. मग माल रक्तातच पडून राहतो, हृदयाच्या नळ्यांत साचतो, टाचेत साचतो, पापणीवर दिसतो. यात खाण्याचा दोष थोडा, वारसा जास्त.

विकासला दोन्ही डोळ्यांपाशी खूण होती. तो मुरबाडच्या एका कंपनीत कामाला. फोनवर हसला. "ताई, कालवणाला पळीभर तेल नाय आपल्याकडं. चरबी शेटलोकांना होते. मी तर पाप्याचं पितर!" आई तर भडकलीच. "बापाची खूण पुसायला निघालीस काय?" हे मला फार लागलं. तरी मी पिच्छा सोडला नाही. शेवटी त्यानं मुरबाडला रक्त दिलं. त्याचंही माझ्यासारखंच. तिथल्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, आकडा खाली आला, आणि या बहाद्दरानं पेढे वाटून गोळ्या बंद केल्या. ताप उतरल्यावर तापाची गोळी कोण खातं, म्हणे! हमाल जन्माचेच कमी, गोळी थांबली की माल पुन्हा साचणार, हे त्याच्या डोक्यात शिरेना.

मी रजा टाकून आले. दारातून आत शिरले आणि पाणी प्यायच्या आधी ओरडले, "बाबांच्या फोटोशेजारी तुझ्यासाठी खिळा ठोकून ठेवू का?" आई फोटोकडे बघत राहिली. मग उठली, गोळ्यांची पट्टी शोधून आणली आणि पाण्याच्या तांब्यासकट विकासपुढं ठेवली. खूण पुसायचीय म्हणून नाही, पोरगा टिकवायचाय म्हणून गोळी, हे तिला तेव्हा पटलं असावं.

त्या गोष्टीला बरीच वर्षं झाली. आमचं कुडाचं घर गेलं, स्लॅब आला. मी मस्कतमध्ये जुनी झाले, कडक चहाला तिथल्यासारखं 'करक' म्हणते आणि मधेच अरबीत 'खलास'. घर कुठं असं कुणी विचारलं की आता मला फाटा आठवत नाही. आठवतो तो जेवणानंतरचा आईचा व्हिडिओ फोन. गावात जेवणं उरकतात तेव्हा माझी संध्याकाळ असते. "घेतलीस काय गो?" मी इकडं गोळी घेते, विकास तिकडं घेतो, आई दोघांची तोंडं बघते. त्यानंतर तिला झोप लागते, आणि मलाही.

मागच्या महिन्यात विकासनं फोन आईच्या हातातून ओढून घेतला. "ताई, आजपासून मी बाबांपेक्षा मोठा! फोटोतले बाबा आता मला दादा म्हनतील!"

मला हसू आणि रडू एकदमच आलं. आई हसली नाही. मागून तिचा आवाज आला. "बस रे दादा. आधी गोळी घे."