मी वळलो म्हणून

थप्पड कानावर बसली. कानात ऐकण्याचं मशीन होतं. मशीनचा प्लास्टिकचा साचा आत रुतला आणि कानातलं कातडं फाटलं. आवाज मला आला नाही. डोक्यात पांढरं काहीतरी फुटलं आणि गरम ओघळ मानेवरून कॉलरमध्ये उतरला.

मारणारे सर आमच्या कॉलेजच्या समुपदेशन कक्षाचे प्रमुख होते. विद्यार्थ्यांना विषय निवडायला मदत करायची, अडचण ऐकायची, धीर द्यायचा, हे त्यांचं काम. दारावर तशी पाटीही होती.

बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला मला दिव्यांगांच्या राखीव जागेवर प्रवेश मिळाला होता. नातेपुत्याहून सोलापूरला आलो होतो. कॉलेज सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते, तेवढ्यात कक्षातून बोलावणं आलं. मला आनंद झाला. मी प्रश्न तयार करून गेलो होतो. वर्गात पहिल्या बाकावर बसू का. सर फळ्याकडे तोंड करून बोलतात तेव्हा मी काय करू. अकाउंट्सच्या तासाला शिकवलेलं लिहून देणारं कोणी मिळेल का.

एकही प्रश्न विचारायला मिळाला नाही. खोलीत लाकडी डायस होता. सरांनी बोटानं खुणावलं, वर चढ. मग खुणावलं, फळ्याकडे तोंड कर. फळ्यावर काही लिहायला सांगणार असं वाटून मी खडू हातात घेतला.

मागे शिपायाच्या हातात जिमखान्यातला गोळाफेकीचा लोखंडी गोळा होता. सरांनी मान हलवली असेल. त्यानं तो डायसवर टाकला.

तळपायातून धक्का गुडघ्यापर्यंत चढला. मी वळलो.

सर हसत होते. खुर्च्यांवर बसलेले आणखी दोन प्राध्यापक हसत होते. सरांचे ओठ मला स्वच्छ वाचता आले. "वळला. बघा, वळला." मग ते डायसवर आले आणि त्यांनी हात उगारला.

बहिरा माणूस वळतो. हे मला कोणाला सांगावं लागेल असं कधी वाटलं नव्हतं. लहानपणी तापात माझे कान गेले, तेव्हापासून आई मला अशीच हाक मारायची. उठवायचं असलं की लोखंडी कॉटच्या पायावर लाटणं आपटायची. जेवायला बोलवायचं असलं की माझ्याजवळ येऊन फरशीवर पाय आपटायची. शेजारणी म्हणायच्या, ही बाई पोरावर सारखी चिडलेली असते. आई चिडलेली नसायची. ती माझं नाव घेत असायची. डायसवर गोळा पडला तेव्हा माझ्या पायांना तेवढंच कळलं, कोणीतरी आपल्याला बोलावतंय. म्हणून मी वळलो.

आणि त्यावरून मी चोर ठरलो.

कुठल्या तरी कॉलेजात बहिरेपणाचं खोटं प्रमाणपत्र पकडलं गेलं होतं म्हणे. तेव्हापासून सरांनी ही परीक्षा स्वतःच काढली होती. सिव्हिल हॉस्पिटलचं प्रमाणपत्र त्यांच्यासमोर टेबलावर पडलेलं. त्यावर डॉक्टरांची सही, शिक्का. पण सरांना गोळ्यावर जास्त भरवसा. त्यांनी मला लिहून दिलं की बापाला घेऊन ये, नाहीतर प्रवेश रद्द. रुमाल कानावर धरून मी बाहेर पडलो. व्हरांड्यातली पोरं बघत होती. मला मुतायला लागलं होतं आणि संडासापर्यंत पाय चालत नव्हते. एवढंही सांगून टाकतो. लाज माझी नाही.

मी उपकार विसरणारा माणूस नाही. गावच्या शाळेत एक बाई होत्या. सगळा वर्ग एकीकडे आणि मी एकीकडे असं कधी होऊ दिलं नाही त्यांनी. बोलताना माझ्याकडे तोंड करायच्या, फळ्यावर लिहून झालं की वळून पुन्हा बोलायच्या. कान गेल्यावर माझा आवाज फाटला होता, पोरं नक्कल करायची, म्हणून मी बोलणंच सोडलं होतं. बाईंनी मला बोलायची सक्ती केली नाही आणि गप्प बसायचीही केली नाही. त्यांच्यामुळे मी बारावी झालो. आमच्या घरात त्याआधी कोणी दहावीही नव्हतं. त्यांच्यापुढे मी आजही वाकतो. पण वाकायचं कुठं, हे मला त्या कॉलेजात कळलं.

अण्णा म्हणजे माझे वडील. नातेपुत्याच्या बाजारात हमाली करायचे. कॉलेजात यायचं म्हणून त्यांनी धुतलेला शर्ट घातला, टोपी घातली. सरांच्या टेबलापुढे दोन्ही हात जोडून उभे राहिले. खुर्ची रिकामी होती. कोणी बसा म्हटलं नाही.

सर त्यांच्याशी बोलत होते, माझ्याकडे बघत होते. मला वाचता यावं म्हणूनच बहुतेक, सावकाश बोलले.

"जातीची सवलत घेतलीत. पुरली नाही? आता कानाचीही पाहिजे?"

अण्णांचे ओठ मला जगात सगळ्यात चांगले वाचता येतात. ते म्हणाले, "पोरगं लबाड न्हाय ओ, सर. तुमच्या पाया पडतो." आणि खरंच पडायला वाकले. सरांनी पाय झटकन मागे घेतला. का घेतला ते मला कळलं. अण्णांनाही कळलं. ते तसेच वाकलेले राहिले क्षणभर, फरशीला हात टेकून.

मग उठले आणि त्यांनी पायातली चप्पल काढली.

मला वाटलं, आता हे सरांना मारतात. त्यांनी मला मारलं. खांद्यावर, पाठीवर, तोंडावर. "माफी माग की सायबाची. माग." मारताना ते रडत होते आणि मारायचे थांबत नव्हते. आयुष्यात त्यांनी मला कधी बोट लावलं नव्हतं. सर मध्ये पडले नाहीत. मागच्या वेळचे दोघे प्राध्यापक याही वेळी होते, ते दुसरीकडे बघत होते. शिपाईमामा दाराला चिकटून उभे होते. ज्याला मारायचं त्याला मारता येत नाही म्हणून माझा बाप मला मारत होता आणि सर ते बघत होते. पगार घेऊन बघत होते.

अण्णा दमले तेव्हा सरांनी पुन्हा डायसकडे बोट केलं. या वेळी गोळा शिपायाकडे दिला नाही. अण्णांच्या हातात दिला. तुमचंच पोरगं आहे, तुम्हीच टाका, असं काहीतरी म्हणाले. क्विंटलाची पोती पाठीवर घेणारा माणूस, त्यानं तो एवढासा गोळा दोन्ही हातांनी पोटाशी धरला.

मी डायसवर एक पाय ठेवला. तेवढ्यात अण्णांनी माझ्याकडे बघितलं आणि ओठ हलवले. आवाज न करता, फक्त माझ्यासाठी.

"हलू नगंस बाळा."

मला सगळं कळलं. किती सोपं होतं. या वेळी गोळा पडणार हे माहीत आहे. पाय घट्ट रोवायचे. धक्का येऊ द्यायचा. खांबासारखं उभं राहायचं. सर म्हणतील, हां, हा खरा बहिरा. प्रवेश वाचेल. अण्णा घरी जाऊन आईला सांगतील, मिटलं. मी खरा होतो आणि खरं ठरण्यासाठी मला खोटं वागायचं होतं. माझ्या पायांना जे कळतं ते कळत नाही असं दाखवायचं होतं. सरांच्या डोक्यातला बहिरा म्हणजे दगड. मी दगड झालो तर मला शिकायला मिळणार होतं.

मी पाय खाली घेतला. त्यांच्याकडे तोंड करून उभा राहिलो. आणि बोललो. किती वर्षांनी, घराबाहेर, माझ्या फाटक्या आवाजात.

"मी पाठ करून उभा राहणार नाही."

त्या आवाजावर एक प्राध्यापक हसला. सरांचा हात पुन्हा वर आला. त्याच बाजूनं, त्याच कानाकडे. मी मनगट धरलं. धरलं आणि पिरगळलं. सुट्टीत मीही अण्णांबरोबर पोती उचलायचो, माझ्या हातात जोर होता. सरांचं तोंड वाकडं झालं. घड्याळाचा पट्टा तुटून खाली पडला. त्यांचं हाड माझ्या बोटांखाली फिरत होतं आणि मला ते आवडत होतं. हे मी लपवणार नाही. अजून थोडं, असं आतून कोणीतरी म्हणत होतं.

"डॉक्टरचा कागद आहे. तुम्ही डॉक्टर नाही. हात लावला तर हात मोडीन."

अण्णांनी गोळा टेबलावर ठेवला. ठेवला म्हणजे सोडला. टेबलावरची काच या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकली. मग त्यांनी चप्पल पायात घातली, माझ्या तोंडावरचं रक्त टोपीनं पुसलं आणि त्या रिकाम्या खुर्चीवर बसले.

सर पोलीस बोलावतो म्हणाले. बोलावले नाहीत. माझा कान फाटलेला होता ना. मला पुन्हा सिव्हिलला पाठवलं. तिथल्या तपासणीत पूर्वीचंच निघालं. प्रवेश राहिला. माफी कोणी मागितली नाही. सरांनी कक्षाच्या रजिस्टरमध्ये माझ्याबद्दल शेरा मारला, उद्धट. पुढची तीन वर्षं समुपदेशन म्हणून मला एवढंच सांगितलं गेलं की अकाउंट्स तुझ्यासारख्याला झेपणार नाही, चित्रकला बघ, शिवणकाम बघ. मी अकाउंट्समध्येच पदवी घेतली.

पण तेव्हाही मला वाटायचं, हे माझ्या एकट्याचंच नशीब. मग कोणीतरी मला रविवारी तलावाच्या कट्ट्यावर नेलं. तिथं शहरातली बहिरी पोरंपोरी जमायची. शहराच्या पूर्वभागातली तेलुगू घरांतली होती, अक्कलकोटकडची कानडी घरांतली होती, मोमीन घरातला एक बेकरीवाला होता. घरी सगळ्यांच्या भाषा वेगळ्या. कट्ट्यावर एकच, हातांची. मला ती येत नव्हती. शिकलो. शिकल्यावर माझी गोष्ट सांगितली. गोळ्याची. मी वळलो, हे सांगितल्यावर सगळे पोट धरून हसायला लागले.

बेकरीवाल्यानं कपाळावर हात मारला आणि हातांनीच म्हणाला, "वळलास? येडाच आहेस."

कारण ते कोणी वळले नव्हते. एकाच्या मागे फटाका लावला होता. एकीच्या मागे ताट आपटलं होतं. एकाला तर मुलाखतीत मागून नाव घेऊन शिवी दिली होती, चिडतो का बघायला. बहिऱ्यांच्या शाळेतले मोठे धाकट्यांना आधीच शिकवून ठेवायचे, मागे काहीही झालं तरी हलायचं नाही. ते शिकले होते. दगड व्हायला शिकले होते आणि त्याची गंमत करत होते. मीही हसलो. हसता हसता माझ्या हातांच्या मुठी झाल्या. त्या दिवशी मला सरांचं मनगट मोडलं नाही याचं वाईट वाटलं. सर एकटे नव्हते. दर कॉलेजात, दर ऑफिसात कोणीतरी गोळा घेऊन आमच्या पाठीमागे उभं होतं.

आज मी त्याच कॉलेजात काम करतो. कर्णबधिर विद्यार्थ्यांना विषय, परीक्षेतल्या सवलती, लेखनिक, पुढचं शिक्षण याबद्दल मार्गदर्शन करायचं. मानधनावर. दरवर्षी नेमणूक नव्यानं होते. अण्णा गावात सगळ्यांना सांगतात, पोरगं कॉलेजात सर आहे. सर निवृत्त झाले. आता प्राचार्य मॅडम आहेत, शांत, नीट वागणाऱ्या. माझ्याशी बोलताना समोर बसतात. मी त्यांचा आभारी होतो.

या जूनमध्ये त्यांनी मला चहाला बोलावलं. करकंबहून एक मुलगी आली होती, कला शाखेला, दिव्यांगांच्या जागेवर. ती ऑफिसात खिडकीपाशी उभी असताना क्लार्कनं कपाटाचं दार आपटलं आणि ती वळली. क्लार्कनं तक्रार केली, हिला ऐकू येतं. मॅडम हसून म्हणाल्या, आपण कोणाला मारहाण वगैरे करत नाही आता. तुम्हीच तपासा.

"तुम्ही त्यांच्यातलेच. तुम्हाला कोण फसवणार?"

पुढे म्हणाल्या, यापुढे सगळ्या कर्णबधिर मुलांचं तुमच्याकडूनच तपासून घेऊ, तुमची नेमणूकही कायम करता येईल का बघते.

चहा गोड होता. मी अर्धा प्यालो.

बाहेर व्हरांड्यात ती मुलगी आईजवळ बसली होती. आईनं तिचा दंड इतका आवळून धरला होता की बोटं पांढरी पडली होती. मला बघून मुलीनं हात सोडवून घेतला. गावातल्या शाळेतली तिची खूण कच्ची होती, पण प्रश्न मला लगेच कळला.

"परत आपटलं तर वळू नको ना?"

कट्ट्यावरच्या सगळ्यांनी एकच उत्तर दिलं असतं. ते उत्तर दिलं की तिची जागा वाचत होती. माझीही.

मी तिला सांगितलं, वळ. दर वेळी वळ. जो आपटतो त्याच्या तोंडाकडे बघ आणि नजर काढू नको.

मग आत गेलो. मॅडमना तोंडानं सांगितलं, माझ्या याच फाटक्या आवाजात, दार उघडं ठेवून, क्लार्कला ऐकू जाईल असं. मी एकाही मुलाला तपासणार नाही. संशय असेल तर सिव्हिलला लिहा. तोपर्यंत ती मुलगी वर्गात बसणार. तिला बाहेर काढायला जो येईल, त्याला आधी मला हात लावावा लागेल.

त्या म्हणाल्या, विचार करा, नेमणुकीचा प्रश्न आहे.

मी विचार केलेला आहे. नेमणूक जाईल. जाऊ दे. मुलगी आज पहिल्या बाकावर बसते. मी दाराजवळ बसतो.