गुडघ्याएवढ्या उंचीवरचा दिवा

दादा पडला तेव्हा मी पहिल्या मजल्यावर माझ्या स्वयंपाकघरात चहा टाकत होते, आणि तो दुसऱ्या नि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर होता. संध्याकाळचे सात वाजून गेले होते, वाघोलीच्या रीतीप्रमाणे वीज गेली होती. समोरच्या जोशीवहिनींनी दार वाजवलं. "ताई, लवकर वर चला, शरदराव पडलेत." मी पोचले तेव्हा जिन्यात लख्ख उजेड होता. आठ-दहा माणसं उभी होती आणि प्रत्येकाच्या हातात मोबाईलचा टॉर्च होता... आधी त्यातला एकही नव्हता. तिसऱ्या दिवशी दादा गेला. त्याला आता दीड महिना होईल.

शरददादा माझा सख्खा थोरला भाऊ. बुधवार पेठेतल्या एका दुकानात त्यानं तीस वर्षं, आधी रेडिओ-टेप आणि नंतर इमर्जन्सी लाइट दुरुस्त केले. वहिनी गेल्यावर मीच त्याला आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर घर घ्यायला लावलं. "लिफ्ट आहे," मी म्हणाले होते. "वीज असेपर्यंत," तो म्हणाला होता.

नात्यात कुणालाही इमर्जन्सी लाइट घ्यायचा असला की दादाला बोलावणं जायचं. तो दुकानात नंतर जायचा. आधी अंधार पडल्यावर त्या घरी यायचा, मेन स्विच बंद करायचा आणि घरातल्या बाईला म्हणायचा, "हं, आता चहा करा." ती कुठे चाचपडते, कुठे थबकते, कशाला अडखळते, हे कोपऱ्यात उभं राहून ऐकायचा. त्यावरून दिवा ठरायचा. ओट्यावर वीज गेली तरी चालू राहणारा चार्जिंगचा बल्ब, न्हाणीघराबाहेर भिंतीला छोटा दिवा, म्हाताऱ्या माणसाच्या उशाशी हाताला सहज लागेल असं बटण असलेला. मेणबत्तीचं नाव काढलं की म्हणायचा, "वाढदिवस आहे का कुणाचा?" नवा दिवा आणला की पूर्ण चार्ज करून लावून ठेवायचा आणि विझेपर्यंत समोर घड्याळ घेऊन बसायचा. खोक्यावर चार तास लिहिलेला एक दिवा दीड तासात मंदावला, तेव्हा तो घेऊन हा दुकानात परत गेला आणि दुकानदाराला म्हणाला, "ह्या चार तासांत माझा येण्याजाण्याचा वेळ धरलाय का?" मी त्याला एकदा विचारलं, माझ्या घरासाठी किती वॅटचा घेऊ? तर म्हणाला, "तुला वाचायचंय की चालायचंय, ते आधी सांग. चालायचं असेल तर उजेड खाली, पायांशी पाहिजे. डोळ्यांवर आला की पायरी दिसत नाही." तो दिवा अजून माझ्या पॅसेजमध्ये आहे. मी अंधारात एकदाही अडखळलेले नाही.

दोन वर्षांपूर्वी सोसायटीनं इन्व्हर्टर घेतला. मी सेक्रेटरी. त्यावर एकतर गेट नि कॅमेरे चालणार होते किंवा जिन्यातले दिवे. सभेच्या आधी दादानं प्रत्येक वळणावर, जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीवर, तेलखडूनं फुल्या मारून ठेवल्या. कुणीतरी म्हणालं, "इतक्या खाली? मांजरांची सोय करताय का काका?" सगळे हसले. मीही हसले. वर म्हणाले, "दादा, हल्ली प्रत्येकाच्या खिशात मोबाईल असतो."

"एका हातात पिशवी," तो म्हणाला. "दुसऱ्या हातात कठडा. मोबाईल कुठल्या हातात धरू, सेक्रेटरीबाई?"

"पिशवी खाली ठेव," मी म्हणाले आणि पुढचा विषय घेतला. गेटचा ठराव एकमतानं मंजूर झाला. एकमत म्हणजे दादा उठून गेल्यावरचं.

पुढच्या आठवड्यात त्यानं स्वतःचा एक दिवा जिन्यात अडकवला. तो मी काढायला लावला. सामाईक जागेत खासगी वस्तू नको, असा नियम होता. नियम मीच लिहिला होता. मग प्रत्येक फुलीखाली त्याच्या सुवाच्य अक्षरात चिठ्ठ्या लागल्या: 'येथे दिवा नाही. आपापल्या जबाबदारीवर चढावे-उतरावे.' लोकांनी फोटो काढून एकमेकांना पाठवले, आणि मी सोसायटीच्या ग्रुपवर भिंती विद्रूप करणाऱ्यांना उद्देशून सूचना टाकली. नाव घातलं नाही, एवढी माया दाखवली. चिठ्ठ्या मी स्वतः खरवडून काढल्या. दुसऱ्या नि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावरची निघाली नाही. रेडिओवाल्याचा गोंद होता.

त्या संध्याकाळी दादाला गाडीत घालून नेल्यावर कुणाचा पाय लागू नये म्हणून मी त्याच्या वस्तू गोळा केल्या. मोबाईल चार पायऱ्या खाली पालथा पडला होता, टॉर्च चालूच होता. भाजीची पिशवी वळणाच्या पायरीवर भिंतीला टेकवून उभी होती, कोथिंबिरीची जुडीसुद्धा कलंडली नव्हती. म्हणजे त्यानं पिशवी खाली ठेवली, कठडा सोडला, खिशातून मोबाईल काढला... आयुष्यभरात त्यानं मुकाट्यानं माझं ऐकल्याचं मला आठवतं, ते एवढंच.

भेटायला येणारे म्हणाले, वय झालं होतं. एकोणसत्तर. कुणी म्हणालं, व्हायचं ते चुकत नाही. मी त्यांना चहा दिला आणि वाद घातला नाही. सभाही बोलावली नाही. चौदाव्या दिवशी वायरमन आणला आणि जिन्यात प्रत्येक वळणावर बॅटरीचे दिवे लावून घेतले, वीज गेली की आपोआप लागणारे. बसवण्याआधी एकेक दिवा माझ्या ओट्यावर लावून ठेवला आणि घड्याळ लावून बसले. दोन परत पाठवले. वायरमन म्हणाला, "ताई, एवढ्या खाली कोण लावतं?" मी म्हटलं, "फुली दिसते ना? तिथंच." ठरावाचं कुणी विचारलं नाही.

परवा संध्याकाळी वीज गेली. मी दादाच्या घरातल्या कुंड्यांना पाणी घालून उतरत होते. दिवे लगेच लागले, प्रत्येक पायरीची कड न् कड दिसत होती. दादा पडला त्याच वळणावर चौथ्या मजल्यावरची नवी भाडेकरू मुलगी भाजीची पिशवी घेऊन कठडा धरून चढत होती. ती थांबली, वाकली आणि दिव्याच्या उजेडात वाचू लागली. "काकू, ही जुनी चिठ्ठी काढून टाकू का? आता तर दिवा आहे."

"नको," मी म्हणाले. "वाचलीस ना? मग जा वर. आणि कठडा सोडू नकोस."