बासरीवर बसवलेली ओवी

आमच्या घराला आतून कुलूप लागायला लागलं ते आत्या बसस्टँडवर सापडल्या त्या दिवसापासून. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात. त्या दुपारी मी शाळेत होते, हे दुकानात होते आणि आत्या घरात झोपल्या होत्या. त्या उठल्या, हातात एक रिकामी पिशवी घेतली आणि अनवाणीच मानवतच्या भर बाजारातून चालत बसस्टँडवर गेल्या. तिथं एका कंडक्टरला त्या पेडगावची गाडी कधी आहे असं पुन्हा पुन्हा विचारत होत्या. त्याचं आमच्या मोटारी-पाइपाच्या दुकानात येणं-जाणं होतं. त्यानं ओळखलं, त्यांना रसवंतीच्या बाकड्यावर बसवलं आणि ह्यांना फोन केला.

पेडगाव हे आत्यांचं माहेर. आईवडील केव्हाच गेलेले, पाठचा भाऊही गेलेला, आता तिथं त्या भावाचा मुलगा राहायचा. पण आत्यांच्या लेखी ते सगळे तिथंच होते आणि वाट बघत होते.

परभणीच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा विसरण्याचा आजार आहे, उतार पडणार नाही, लक्ष ठेवायचं. घरी आल्यावर लक्ष कुणी ठेवायचं हा विषय निघाला. मुलगा पुण्यात होस्टेलवर. नणंद परभणीत, तिचा संसार तिला. ह्यांना दुकान. मी एका खाजगी शाळेत पहिलीचा वर्ग शिकवत होते. नोकरी सोड असं मला कुणीही म्हटलं नाही. सगळे नुसते माझ्याकडे बघत राहिले आणि मी नोकरी सोडली.

ह्यांनी आठवड्याभरात ओसरीला लोखंडी जाळी बसवून घेतली. कुलूप आतल्या बाजूनं, किल्ली माझ्या कमरेला. भाजीवाली आली की मी आतून पैसे द्यायची आणि ती जाळीतून भाजी सरकवायची. मेथीची जुडी आडवी करून यायची, दोडके यायचे, वांगी एकेक करून यायची. फ्लॉवरचा गड्डा यायचा नाही. त्यासाठी कुलूप काढावं तर किल्लीचा आवाज ऐकून आत्या आतून धावत यायच्या. म्हणून आमच्या घरात फ्लॉवर येणंच बंद झालं.

सकाळ बरी जायची. आत्यांची आंघोळ झाली की त्या कपाळाला भस्म लावायच्या, गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायच्या आणि पूजेला बसायच्या. माझं नाव विसरल्या, नातवाला विसरल्या, पण त्या पूजेतलं काही इकडचं तिकडं झालं नाही. जेवणानंतर मात्र त्या जाळीपाशी यायच्या. दोन्ही हातांनी गज धरायच्या आणि हलवायच्या.

"माय, तेवढं दार उघड. मला पेडगावला जायचंय."

सुरुवातीला मी समजावून सांगायची की तिथं आता आईवडील नाहीत, भाऊ नाही. ते ऐकून त्या दर वेळी नव्यानं रडायच्या. मग मी उद्या जाऊ म्हणायला लागले. जाळी हलत राहायची, रस्त्यावरून जाणारी माणसं बघायची आणि त्यांना गजांच्या आत दोन बायका दिसायच्या. त्यांतली कुठली कुणाला राखते आहे हे त्यांना कळत असेल का, असं मला वाटायचं.

मुलाची बासरी मला कपाट झाडताना सापडली. आठवीत असताना त्यानं ती जत्रेतून आणली होती, चार दिवस फुंकली आणि टाकून दिली. आडवी धरायची, सहा भोकांची साधी बासरी. मी पुसली आणि ओठाला लावली. नुसतं वारं आलं. पुन्हा फुंकलं, पुन्हा वारं. मी ती परत कपाटावर ठेवली नाही, कारण त्या घरात तेवढी एकच वस्तू अशी होती की जिच्याकडून कुणाला काही नको होतं. मी ती वाजवली काय, न वाजवली काय, कुणाचं काही अडणार नव्हतं.

मोबाइलवर शिकवणारे पुष्कळ होते. ओठ असे दाबा, फुंक भोकाच्या पलीकडच्या काठावर मारा. मी आरशासमोर उभी राहून फुंकायची. डोकं गरगरायचं, डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. एका दुपारी अचानक आवाज लागला, घोगरा, थरथरता, आणि लगेच गेला. तो पुन्हा सापडायला बरेच दिवस लागले. आवाज लागला तर बोटांची पंचाईत. भोकं बोटांच्या टोकांनी नाही, पेरांच्या मांसल भागानं झाकायची. माझ्या उजव्या हाताचं तिसरं बोट लबाड. ते कुठंतरी केसभर उचललेलं राहायचं आणि सूर फाटायचा. भाकरी थापताना, कपडे पिळताना मी त्या बोटाला मनातल्या मनात दटावायची.

शिकवणारे म्हणत, सहा महिने नुसता सरगम करा. मला सरगम नको होता. मला एक अख्खी चाल वाजवायची होती, कुठलीही, पण सुरुवातीपासून शेवटापर्यंत.

ती चाल आत्यांकडून आली. दुपारी पलंगावर बसल्या बसल्या त्या कधी कधी उजवा हात चादरीवर गोल फिरवायच्या, जात्याचा खुंटा धरल्यासारखा. तोंडानं गुणगुणायच्या. शब्द नसायचे, ओवीची चाल तेवढी असायची. लहानपणी पेडगावात आईच्या समोर बसून त्यांनी जोंधळे दळले होते. ही चाल मी पूर्वीही ऐकली होती, पण त्या दिवशी माझ्या लक्षात आलं की तिच्यात सूर फार थोडे आहेत. वर चढते, जराशी रेंगाळते, उतरते आणि पुन्हा तिथंच येते. माझ्या बोटांना जमेल एवढीच.

मी पलंगासमोर खाली बसून ती शोधायला लागले. पहिल्या दोन ओळी सापडल्या. तिसरीत मात्र एक जागा अशी होती की एक भोक झाकलं तर सूर खाली जायचा आणि उघडलं तर वर. हवा तो सूर मधेच कुठंतरी. मी दोन्ही वाजवून बघायची, आणि आत्यांचा फिरता हात थांबायचा.

"असं न्हाई," त्या म्हणायच्या. बाकी काही सांगता यायचं नाही त्यांना. पुन्हा गुणगुणून दाखवायच्या आणि मी पुन्हा चुकायची.

त्या एका सुरावर मी सगळा पावसाळा काढला. मग मोबाइलवर एकानं अर्धं भोक झाकायची युक्ती दाखवली. बोट उचलायचं नाही, नुसतं कलतं करायचं. ते मी करून बघितलं तर सूर बारीक, कापरा, पण नेमका तिथं आला. आत्यांचा हात थांबला नाही. तो फिरत राहिला. मी चौथी ओळ वाजवली, चाल पुरी झाली, पुन्हा पहिल्यापासून धरली, आणि आत्यांनी भावाचं नाव घेऊन एक अख्खी ओवी म्हटली. लग्न होऊन त्या घरात आल्यापासून त्यांचा गाता आवाज मी पहिल्यांदाच इतका मोकळा ऐकला. माझे डोळे भरून आले होते, फुंक तुटत होती, पण मी वाजवणं थांबवलं नाही.

त्या दुपारी त्या जाळीपाशी गेल्याच नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गज धरले तेव्हा मी बासरी घेतली आणि तीच चाल वाजवली. त्या मागं वळल्या, पलंगावर येऊन बसल्या आणि हात फिरवायला लागल्या. तिसऱ्या दिवशीही तसंच झालं. हे जेवायला आले तेव्हा त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं आणि मला म्हणाले की देवानंच तुला बुद्धी दिली. मलाही तेव्हा बरं वाटलं, हे खरं आहे.

दिवाळीनंतर नणंद आली. तोपर्यंत आमच्यात एक ठरत आलं होतं. आत्यांसाठी दिवसभराची एक बाई बघायची आणि मी जूनपासून शाळेत परत जायचं. मुख्याध्यापिकाबाईंनी मला दोनदा फोन करून विचारलंही होतं. बाईही सापडली होती, आमच्याच गल्लीतली, आजारी माणसाची सवय असलेली. नणंदेसमोर मी बासरी वाजवली, आत्या शांत बसल्या. नणंद बघतच राहिली. मग माझा हात हातात घेऊन अगदी मनापासून म्हणाली, "वहिनी, तुमच्यामुळं आई किती निवांत हाय. आता कशाला बाई लावायची? परकी बाई असं थोडीच करणार हाय?"

हे म्हणाले, "मी पण तेच म्हणायलो."

चहा झाला, गप्पा दुसरीकडे वळल्या. माझा विषय तेवढ्यात संपला होता. मी बासरी मांडीवर घेऊन बसले होते. जी गोष्ट मी फक्त माझी म्हणून शिकले होते, तिनंच मला त्या ओसरीत पक्कं बसवून टाकलं होतं. वाईट वाजवली असती तर सुटले असते.

त्यानंतरचे महिने फार वाईट गेले. हे दुकानातून फोन करून विचारायचे, वाजवलीस का? शेजारीण म्हणायची, किती गोड वाजवता, आमच्याकडे ऐकू येतं. मला त्या चालीचा वीट आला होता. दुसरी चाल धरावी तर आत्या हात थांबवायच्या आणि गजाकडे बघायच्या. मग मी निमूटपणे पुन्हा तीच धरायची. बोटं आपोआप फिरायची, तो अर्ध्या भोकाचा सूरही आता न चुकता लागायचा. मी मात्र बाहेर रस्त्याकडे बघत असायची. कुणीतरी ऊस भरलेला ट्रॅक्टर घेऊन चाललेलं असायचं, पोरी सायकलवरून शिकवणीला जात असायच्या.

फेब्रुवारीत एका सकाळी आत्यांची पूजा आटोपली, त्या उठल्या आणि जेवणाच्या आधीच जाळीपाशी गेल्या.

"पेडगावला जायचंय," त्या म्हणाल्या.

"चला," मी म्हणाले.

हे मी ठरवलेलं नव्हतं. मी त्यांना चांगलं लुगडं नेसवलं, पायात चपला घातल्या, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली. बासरी मुद्दाम घरी ठेवली. त्या दिवशी मला कुणाला शांत करायचं नव्हतं. रिक्षानं आम्ही मानवत रोड स्टेशनवर गेलो आणि पॅसेंजरमध्ये बसलो. ह्यांना मी गाडी सुटल्यावर फोन केला. ते म्हणाले, "तुला कळायलंय का तू काय करायलीस?" मी म्हणाले, संध्याकाळी येतो आम्ही, आणि फोन ठेवला.

आत्या खिडकीशी बसल्या होत्या. हरभऱ्याची शेतं, वेचून झालेली कपाशी, विहिरी मागं जात होत्या. त्या खूश होत्या. समोरच्या बाईला सांगत होत्या की भाऊ स्टेशनवर घ्यायला येणार हाय.

पेडगावात त्यांच्या भाच्याचं घर मला ठाऊक होतं. जुन्याच जागेवर नवं सिमेंटचं बांधलेलं. भाचा शेतात होता. भाचेसुनेनं आम्हाला ओळखलं, पाणी दिलं, पाया पडली, चहा टाकला. आत्या खुर्चीवर टेकल्या. भिंतीकडे बघितलं, फ्रिजकडे बघितलं, भाचेसुनेच्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं. बाहेर अंगणात गेल्या, पुन्हा आत आल्या. मी त्यांच्या मागं मागं. मग त्या माझ्याजवळ आल्या आणि हळू आवाजात, त्या घरच्या बाईला वाईट वाटू नये अशा बेतानं म्हणाल्या, "चल माय, लय वेळ झाला. आपल्याला पेडगावला जायचंय न्हवं?"

मी त्यांना जवळ घेतलं. इतके महिने मी समजत होते की मी त्यांना जाऊ देत नाही म्हणून त्या अडकल्या आहेत. कुलूप कुणी काढलं असतं तरी त्या पोहोचणार नव्हत्या. पण मी पोहोचू शकत होते. मला शाळेपर्यंतच जायचं होतं आणि ती शाळा अजून तिथं होती.

परतताना त्या माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपल्या. मानवत रोडला हे उभे होते, दुकान बंद करून आलेले, चेहरा उतरलेला. आधी त्यांनी आईला नीट उतरवून घेतलं, रिक्षात बसवलं. मग माझ्याकडे वळले.

"वाटेत काही झालं असतं म्हंजे?"

"काही झालं नाही," मी म्हणाले. "जूनपासून मी शाळेत जाणार आहे. बाई लावा, नाहीतर तुम्ही घरी बसा. बासरी तुम्हाला शिकवते मी."

घरी जाऊन त्यांनी खरंच बासरी उचलली आणि दोन-तीनदा फुंकून बघितली. नुसतं वारं आलं. त्यांनी ती खाली ठेवली आणि बराच वेळ हाताची बोटं बघत बसले. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या बाईला निरोप गेला.

दिवसभर जमणार नाही असं ती बाई आता म्हणाली, दुपारपर्यंतच थांबते, तिला स्वतःचंही घर आहे. म्हणून मला सकाळची शाळा तेवढी मिळाली. दुपारनंतर मी घरीच असते आणि बहुतेक दिवस वाजवते. सकाळी माझ्या मागं आत्या जाळी हलवतात, रडतात, हे बाई मला रोज सांगते आणि मी ऐकून घेते. नणंद फोनवर पूर्वीसारखं बोलत नाही. हे मात्र हल्ली दुकानातून मधेच एक चक्कर घरी टाकतात आणि आईजवळ बसून परत जातात.

पहिलीची पोरं यंदा फार दंगेखोर आहेत. शाळा सुटली की बाकीच्या शिक्षिका फाटकाजवळ बोलत उभ्या राहतात. मीही त्यांच्यात थोडा वेळ उभी राहते, मग निघते.