बोरूचा काप

ज्ञानोबा कामथडीचा. त्यांच्या भावकीत सातवीची फायनल पास झालेला तो पहिलाच. विसाव्या वर्षी, घरापासून तासाभराच्या वाटेवर असलेल्या एका गावच्या शाळेत तो उमेदवार म्हणून लागला. उमेदवार म्हणजे शिकाऊ मास्तर. शाळा मारुतीच्या देवळात भरायची आणि चारही इयत्ता रखमाजी मास्तर एकटेच ओढत होते.

रखमाजी मास्तरांची नव्या माणसाला तयार करायची रीत वेगळी होती. शाळा सुटली की ते देवळाच्या पायरीवर उमेदवाराच्या शेजारी बसायचे आणि त्याच्या हातात चाकू नि बोरूची लेखणी द्यायचे. बोरूच्या टोकाला तिरपा काप द्यायचा, मधोमध चीर पाडायची. काप बरोबर असला तर पोराचा हात सरळ राहून अक्षर आपोआप वळणदार येतं. चुकला तर मास्तर बोरू उजेडात धरून म्हणत, "पुन्हा." एवढंच. पण बसून राहत. मधूनच कुठल्या पोराला कसं बोलतं करावं, मारकुट्या बापाशी काय बोलावं, हे सांगत. ज्ञानोबा मास्तर झाला तो त्या पायरीवर. वर्षभराने त्याच्या बोरूला नाव ठेवायला जागा उरली नाही. मास्तरांनी तिसरीचा वर्ग त्याच्या हवाली केला आणि पायरीवरची बैठक मोडली.

त्याचं त्याला तेव्हा काही वाटलं नाही. वाटलं ते नऊ वर्षांनी, मार्गासनीकडचा रायबा उमेदवार म्हणून आला तेव्हा.

रायबा उंच, बोलका आणि हाताने अगदी अडाणी. त्याचा बोरू कागद फाडायचा. मास्तर रोज संध्याकाळी त्याच्याजवळ बसू लागले. ज्ञानोबा वह्या आवरायचं निमित्त करून गाभाऱ्याजवळ रेंगाळायचा. पायरीवरून "पुन्हा" ऐकू यायचं, आणि मागोमाग दोघांचं हसणं. आपल्या वेळी मास्तर हसल्याचं ज्ञानोबाला आठवेना.

घरी त्याचं जेवणात लक्ष नसे. बायको बनाबाई एकदा म्हणाली, "आज बी त्यो रायबाच का?"

"मास्तरांनी त्याला चहाला घरी नेलं."

"मग तुमी हितं प्या की. म्या करते."

"चहाचं नाही गं."

"ठावं हाय चहाचं न्हाई ते. माज्या भनीला नवी पैठणी आली तवा म्या बी एवढी जळली न्हवती."

ज्ञानोबा ताटावरून उठला. पडल्या पडल्या त्याच्या मनात आलं, की मास्तर जवळ बसतात ते चुकणाऱ्याच्या. आपण चुकतच नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने तिसरीचे बोरू मुद्दाम उलटे कातले.

आधी दोन, मग दहा, मग सगळ्या वर्गाचे. जाड यायची रेघ बारीक येऊ लागली आणि बारीक यायची ती जाड. पोरं बिचारी मनगट मुरडून, मान वाकडी करून अक्षर जमवू लागली. ज्ञानोबाला ते दिसत होतं. मास्तर येतील, उजेडात बोरू धरतील, शेजारी बसतील, या आशेवर तो आणखी एक दिवस जाऊ द्यायचा. असा सव्वा महिना गेला; एव्हाना रायबाचाही काप जमू लागला होता.

मग एका सोमवारी मास्तरांनी तिसरीचे कित्ते चाळले. मास्तरांनी एक बोरू उचलला, उजेडात धरला आणि "पुन्हा" न म्हणताच खाली ठेवला. बाहेर जाऊन त्यांनी हाक मारली, "रायबा, उद्यापासून तिसरीचेही बोरू तू कात."

ज्ञानोबा उघडे कित्ते एकावर एक रचत राहिला.

रायबा सकाळी चाकू घेऊन त्याच्या वर्गात येऊन बसला. हलक्या आवाजात म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नका, ज्ञानोबामास्तर. माझ्या चुलत्याचंही असंच झालं होतं."

"कसं?"

"डोळ्यांचं. मास्तर म्हणाले, ज्ञानोबाइतका काप या तालुक्यात कुणाचा नाही, नजर गेल्याशिवाय त्याच्या हातून असं होणार नाही. काल रात्री लई हळहळत होते."

हा माणूस रात्रीही मास्तरांकडे असतो, एवढंच ज्ञानोबाच्या मनात अडकून राहिलं.

बाजाराच्या दिवशी रखमाजी मास्तर, गुडघा धरलेला असताना, पायी भोरला गेले आणि अंदाजाने एक चष्मा घेऊन आले. शाळा सुटल्यावर ज्ञानोबाला पायरीवर बोलावून त्यांनी तो स्वतःच्या हाताने त्याच्या कानांवर चढवला. शेजारी बसले. रायबाला त्यांनी आधीच घरी पाठवलं होतं. सव्वा महिना ज्याची वाट पाहिली ते हेच.

"दिसतंय का आता?"

"हो," ज्ञानोबा म्हणाला. खरं तर समोरचा वडाचा पार धुक्यात गेल्यासारखा झाला होता.

"मग कात बघू एक."

ज्ञानोबाने बोरू घेतला. दिसत काहीच नव्हतं, पण हाताला वळण पाठ होतं. एका फटक्यात काप बसला. मधोमध चीर पडली. देताना त्याला वाटलं, मास्तर खूश होतील.

मास्तरांनी बोरू उजेडात धरला. मग ज्ञानोबाच्या नाकावरचा चष्मा काढून आपल्या डोळ्यांना लावून पाहिला. त्यांनाही त्यातून काही दिसलं नसावं. चष्मा उतरवून त्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

"न पाहता कातलास."

ज्ञानोबाने चाकू पायरीवर ठेवला.

"म्हणजे ते वाकडे पाहून कातले होतेस."

"तुम्ही त्याच्याजवळ बसत होतात, मास्तर." ज्ञानोबा म्हणाला. "माझ्याजवळ नऊ वर्षांत बसला नाहीत."

मास्तर गुडघ्यावर हात टेकून उठले. "नुसता तुझा राग आला असता तर मी सांगून मोकळा झालो असतो. पण ती तेवीस पोरं मनगट मुरडून लिहायला शिकली, त्यांना काय सांगू? उद्यापासून एकेकाचा हात धरून सोडव. रायबा शेजारी बसेल. चुकलेला हात सुधारायचा कसा, हे त्याने पाहायला हवं, आणि ते त्याला तू दाखवायचंस."

"आणि तुम्ही?"

"मी नाही बसणार," मास्तर म्हणाले.

होळीपर्यंत ज्ञानोबा तेवीस हात धरत होता. एकोणीस सुटले, चार तसेच राहिले. रायबा शेजारी बसून प्रश्न विचारायचा आणि दर दोन प्रश्नांनी "मास्तर म्हणतात" म्हणायचा. दर वेळी ज्ञानोबाच्या काळजाला चटका बसायचा, आणि तरी तो उत्तर नीट, पूर्ण द्यायचा. चार वर्षांनी रखमाजी मास्तर थकले तेव्हा हेडमास्तरकी रायबाकडे गेली. ज्ञानोबाने त्याच्या हाताखाली पुढे आठ वर्षं काढली. रायबा चांगला माणूस होता, हे त्याला कळत होतं. त्याचा मत्सर काही गेला नाही. त्या चार पोरांपैकी कुणी पुढे गावात भेटलं, की ज्ञानोबा आधी त्याच्या मनगटाकडे पाहायचा.