दोन तासांनी येणारा बिघाड

त्याला सगळे भिंगरी म्हणत. चिडली की बायकोसुद्धा म्हणायची. पायाला भिंगरी असलेली माणसं पुष्कळ असतात, याच्या हातांनाही होती. शेवटचा घास तोंडात असतानाच हा ताटावरून उठायचा. न्हाव्याच्या खुर्चीतून अर्ध्या दाढीवर फोन घ्यायला रस्त्यावर यायचा. स्वतःच्या लग्नात फोटोग्राफरचा बंद पडलेला दिवा उघडून बसलेला सापडला होता. पण अवजड मशीनचा मिस्त्री म्हणून त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. दुसऱ्याचा पाना पेटीतून निघेपर्यंत हा बिघाड सांगून मोकळा. अडचण एवढीच, की सांगून झालं की हा निघूनही जायचा.

त्या सकाळी तो धाकट्या बहिणीच्या पोकलेनपाशी उभा होता आणि त्याला काही सुचत नव्हतं. ही जुनी मशीन बहिणीने वर्षापूर्वी घेतली होती आणि ती स्वतःच चालवायची. पाइप टाकायचे चर खणून द्यायची. महिन्याभरापूर्वी मशीन मध्येच बंद पडू लागली. इंजिन किती वेगाने फिरतंय हे कॉम्प्युटरला कळवणारा एक बोटभर सेन्सर असतो. तो मुका झाला की कॉम्प्युटरला वाटतं इंजिन थांबलं, आणि तो डिझेल तोडतो. भिंगरीने नवा सेन्सर बसवला, "झालं काम" म्हणाला आणि पसार. दोन आठवड्यांनी पुन्हा तेच. तेव्हा त्याने कॉम्प्युटरमधली तक्रार पुसली, कनेक्टर साफ केला, आणि पुन्हा पसार.

आणि काल, बकेटला साखळीने पाइप लटकत असताना इंजिन मेलं. पाइप हिसका बसून झुलला आणि चरात उभ्या असलेल्या पाइपवाल्या काकांच्या हेल्मेटला घासून गेला. काकांना साधं खरचटलंही नाही. ते वर आले, हेल्मेट काढून उलटसुलट पाहिलं आणि म्हणाले, "पोरी, आता मी खाली उतरत नाही."

बहीण भांडली असती तर भिंगरीला परवडलं असतं. पण ती फोनवर एवढंच म्हणाली, "दादा, तू खात्रीने सांगशील तेव्हाच चालवीन." रात्रभर हे वाक्य त्याला टोचत राहिलं.

त्याने सेन्सर काढून मीटर लावला. रीडिंग अगदी हवं तसं. टोकाला लोखंडाचा कीसही चिकटलेला नव्हता. फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या चाकाच्या, दात्याला टेकेपर्यंत सेन्सर आत फिरवला, पाऊण फेरा मागे घेऊन नट आवळला. इंजिन चालू ठेवून हाताला येतील त्या तारा हलवल्या, ओढल्या, पिळल्या. इंजिन आपलं मजेत चालू!

"नाटकं करते नुसती," तो मशीनवर खेकसला. "सेन्सरच डुप्लिकेट निघाला असणार. दुसरा टाकतो, अर्ध्या तासात..."

"दोन तास काम केल्याशिवाय ती बंद पडत नाही," बहीण म्हणाली. "तू सेन्सर बदललास त्यानंतर दोन्ही वेळा तसंच झालंय. तू दोन तास कधी थांबलायस?"

तो केबिनमध्ये चढला. सीटच्या मागे कॉम्प्युटरचा डबा होता. सेन्सरची तार जिथे त्यात शिरते तिथे त्याने मीटर जोडला, तिथेच हत्यारांच्या पेटीवर अंग चोरून बसला आणि मीटर मांडीवर घेतला. बहीण मोकळ्या जागेत, कोणी जवळ नाही अशा टोकाला, माती उकरू लागली.

दहा मिनिटांत त्याचे दोन्ही गुडघे नाचायला लागले.

"पाणी पिऊन येतो."

"बाटली तुझ्या मागेच आहे."

"एक फोन करायचा होता."

"कर की इथून."

तासाभराने त्याला खिडकीतून उडी मारावीशी वाटू लागली. मीटरवरचा आकडा इंजिनाबरोबर थोडा वर, थोडा खाली. बघण्यासारखं काही नव्हतं, आणि बघायचं सोडूनही चालणार नव्हतं.

दीड तास होऊन गेल्यावर बहिणीने पाठमोरीच विचारलं, "दादा, बाबा गेले तेव्हा तू कुठे गेला होतास?"

सहा वर्षं हे कोणी विचारलं नव्हतं.

"हॉस्पिटलच्या व्हरांड्यात एक व्हीलचेअर करकरत होती. तिला तेल मिळतंय का बघायला गेलो. दहाच मिनिटं."

"तू कुठे आहेस, तेच ते विचारत होते. मी सांगितलं, आहे ना, इथेच तुमच्या पायाशी बसलाय."

दार त्याच्या गुडघ्यापाशी होतं. नुसती कडी ओढली की बाहेर. त्याला रडू फुटलं आणि ते लपवायलासुद्धा जागा नव्हती. हात कडीपर्यंत गेला, पण मांडीवर मीटर होता, म्हणून नजर तेवढी तिथेच राहिली.

बहिणीने मशीन डावीकडे वळवली. आकडा शून्यावर गेला. परत आला. पुन्हा शून्य, आणि इंजिन विझलं.

तो खाली उतरला आणि एक एक वीत तार चाचपत गेला. स्टार्टरच्या मागे, आरशाशिवाय दिसणार नाही अशा जागी, सापडलं. नवा सेन्सर बसवताना तार धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पचा बोल्ट हाताला येत नव्हता, म्हणून त्यानेच तार प्लॅस्टिकच्या पट्टीने शेजारच्या पाइपला बांधली होती. पट्टी तापून सैल झाली होती आणि तार एक्झॉस्टच्या तापलेल्या पत्र्यावर लोळत होती. वरचं वेष्टन वितळलेलं. मशीन गरम होऊन डावीकडे वळली की उघडं तांबं पत्र्याला टेकायचं आणि सेन्सर मुका व्हायचा.

टेप गुंडाळून गप्प बसला असता तर कोणाला पत्ता लागला नसता. त्याने बहिणीला हाक मारली आणि आरसा तिच्या हातात दिला.

"ही पट्टी माझी," तो म्हणाला. "पहिला बिघाड मशीनचा होता. पुढचे दोन मी केले. कालचा पाइपही मीच काकांच्या डोक्यावर सोडला होता."

तिने आरसा फिरवून तार पाहिली. "आता नीट बांध," एवढंच म्हणाली.

त्याने तारेचा तुकडा बदलला, वर जाड नळी चढवली. क्लॅम्पचा तो बोल्ट दोन बोटांच्या टोकांनी बसवायला पाऊण तास गेला. चार वेळा खाली पडला, चारही वेळा त्याने शोधून आणला.

पेटी बंद होताना पाहून काका हेल्मेट घालून आले. त्यांनी बहिणीकडे नाही, थेट त्याच्याकडे पाहिलं.

"काय मिस्त्री, उतरू का खाली?"

त्याने पेटी पुन्हा उचलली.

"नाही काका. अजून दोन तास थांबा."

तो पुन्हा केबिनमध्ये चढला, पेटीवर बसला आणि मीटर मांडीवर घेतला. बहिणीने किल्ली फिरवली.

"पाय आखडतील तुझे," ती म्हणाली.

"आखडू देत," तो म्हणाला. "मी बसलोय."