दारात थांबणारी नणंद

सकाळी फोन आला तेव्हा मी भेंडी चिरत होते. भाचा एवढंच म्हणाला, "मामी, आई गेली…" आणि वेड्यासारखं माझ्या मनात आलं, आता भाजीची चौकशी कोण करणार?

अक्का माझ्या थोरल्या नणंद. पाथरीतच, पलीकडच्या गल्लीत दिलेल्या. बाजारातून येताना रोज आमच्या दारात थांबायच्या, चौकटीला हात टेकून विचारायच्या, "काय भाजी केलीस गं सुमन?" आत या म्हटलं तर येत नसत. मला पक्का संशय, या माझी हजेरी घेतात. नणंदच ती! मग मीही फोडणीपासून कोथिंबिरीपर्यंत सगळं ऐकवायची. जा, सांगा कुणाला काय सांगायचं ते. त्या मुकाट ऐकायच्या.

एकदा जिना चढताना चक्कर येऊन पडल्या. गावातल्या डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, बीपी अगदी झकास. कुणी दमा म्हणालं, कुणी वजन. भावकीत कुजबुज सुरू झाली, सुनेवर कामं ढकलायची सोंगं ही. शेवटी परभणीला नेलं. तिथल्या डॉक्टर मॅडमनी सुजलेले घोटे दाबून पाहिले, हृदयाची सोनोग्राफी केली आणि म्हणाल्या, "फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत दाब वाढल्याची शंका आहे. खात्रीसाठी मोठ्या दवाखान्यात हृदयात बारीक नळी घालून तो मोजावा लागेल."

आमचे हे लगेच सावध झाले. "दंडात बीपी नॉर्मल अन् फुप्फुसात कुठून आला? फसवायलेत आपल्याला." मलाही वाटलं, कुठंतरी पाणी मुरतंय.

"दंडावरचा पट्टा फुप्फुसातलं सांगत नाही," मॅडम म्हणाल्या. "आजी, चालताना मधे थांबावं लागतं का?"

"न्हाई. लय चालते मी."

मला राहवलं नाही. "थांबतात की! रोज, माझ्या दारात."

चोरी पकडल्यासारखं अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "तू भाजीचं लय लांबवून सांगतीस. तेवढ्यात माझा दम खाऊन होतो. घरी कळलं असतं तर बाजार बंद केला असता त्यांनी…"

नळीच्या तपासणीने शंका खरी ठरवली. गोळ्यांनी वर्ष-दीड वर्ष दिलं. आधी कळलं असतं तर… हे वाक्य मी रोज सुरू करते आणि अर्ध्यात सोडते. त्या काळात दाराशी मी एक स्टूल ठेवलं होतं. अक्का त्यावर बसायच्या, तोच प्रश्न विचारायच्या, आणि भाजीत न घातलेले मसालेही मी सांगत राहायची.

अक्का जाऊन महिना उलटला, स्टूल तिथंच आहे. परवा शेजारच्या मंगलबाई पिशवी घेऊन दारात रेंगाळल्या. माझी नजर आधी त्यांच्या घोट्यांवर गेली.

"काय बघायलीस गं?"

"काय न्हाई. बसा," म्हटलं, आणि भेंडी कशी केली ते पार चिरण्यापासून सांगायला लागले.